निळ्या खड्यातलं पाणी

मुलींचं वसतिगृह, देवरी
रविवार, ४ सप्टेंबर २०२२

मोठ्या आबाजींना आणि मोठ्या आजीले तुमच्या समृद्धीचा वाकून नमस्कार.

तुम्ही म्हणाल, आज या पोरीले पत्र कसं सुचलं! इथं मोबाईल जमा करून घेतात. रविवारी घरी दहा मिनिटं फोन, त्यातली आठ मिनिटं आईच बोलते. बाबा म्हणाले, "केमिस्ट्री अडली तर भिलाईले लिही. माझे मोठे बाबा स्टील प्लांटात केमिस्ट होते, ते कोणासाठी?"

तर अडली आहे. अकरावी सायन्स म्हणजे दहावीसारखं नाही, आबाजी. गणित असं आहे: कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांपासून ०.१ मोलर द्रावण अर्धा लिटर बनवायचं, तर खडे किती ग्रॅम घ्यायचे? पुस्तकात सूत्राच्या मागे एक टिंब देऊन पाच रेणू पाणी लिहिलं आहे. ते पाणी वजनात धरायचं की सोडायचं? धरलं तर एक उत्तर येते, सोडलं तर दुसरं. रमा मॅडम शिकवतात चांगलं, पण गाडी सुटल्यासारखं शिकवतात.

वर्गात एका मुलीले सगळं येते. भूमिका तिचं नाव. पण तिले मी विचारणार नाही. तिची आई, ठकूबाई, आमच्या मेसमध्ये भांडी घासते. चीफ केमिस्टच्या नातीनं भांडेवालीच्या पोरीले विचारायचं का? तुम्हीच सांगा.

आपल्या घरी बैठकीत तुमचा पांढऱ्या कोटातला फोटो आहे ना, तो मी सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवला आहे. लवकर लिहा.

तुमची,
समृद्धी


कोहका, भिलाई
१२ सप्टेंबर २०२२

समृद्धी बेटा, खूप शिक, मोठी हो.

तुहं पत्र घेऊन पोस्टमन दारात उभा राहिला तं शेजारच्यायले वाटलं कोर्टाचा कागद आला. आजकाल पत्र कोण लिहिते बाप्पा! आजीनं माह्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या खेपेले मी म्हटलं, "आता तुले पाठ झालं असन," तं म्हणे, "झालं, पण तुमी वाचताना एक जागा गाळता." आजी लय वस्ताद आहे तुही.

तुहं गणित काही मोठं नाही. आमच्या लॅबच्या भिंतीवर तक्ता टांगला होता, एकतीस वर्षं माह्या डोळ्यासमोर. कॉपर सल्फेट, एक लिटर, सोळा ग्रॅम. अर्ध्या लिटरले आठ. तू त्या पाण्याच्या भानगडीत पडू नको. आपण खडा तोलतो, पाणी कुठं तोलतो? आठ लिहून दे डोळे मिटून. मॅडमनं विचारलं तं सांग, स्टील प्लांटात असंच करत.

त्या भूमिकेबद्दल तू विचारलं. आता काय सांगू? तुले बरं वाटन तसं कर.

परवा पावर हाउसच्या बाजारात गेलो होतो. तुह्यासाठी दोन पेन घेतले, सुशील, तुहा बाबा, इकडं आला तं त्याच्यासंगं धाडतो.

तुहे,
मोठे आबाजी


देवरी
रविवार, २ ऑक्टोबर २०२२

आबाजी, नमस्कार.

मी आठ ग्रॅम सांगितलं. उभी राहून, जोरात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चूक. साडेबारा. खड्यातलं पाणी कोण मोजणार?" मी म्हटलं, "मॅडम, माझे आबाजी स्टील प्लांटात चीफ केमिस्ट होते, तिथं पाणी धरत नाहीत." आबाजी, सगळा वर्ग हसला! मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणूनच भिलाईचे रेल्वेचे रूळ वाकडे होतात." भूमिका हसली नाही, पण तिनं वहीत साडेबारा आधीच लिहून ठेवलं होतं, ते मी पाहिलं. मले तिचाच जास्त राग आला.

मले माहीत आहे तुमचं चुकणार नाही. कारखान्यात वेगळी पद्धत असेल. ते मॅडमला समजेल असं लिहून पाठवा ना.

आणखी एक. टायट्रेशनमध्ये माझं रीडिंग येतच नाही. वर ब्युरेटच्या नळीत कॉस्टिक सोडा, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड. सगळ्यांचं वीस मिलिलिटरवर गुलाबी होते, माझं कधी एकवीस, कधी बावीस. मॅडम म्हणतात, हात स्वच्छ नाही. मी तर सगळं तीन-तीनदा पाण्यानं धुते.

समृद्धी


कोहका, भिलाई
१० ऑक्टोबर २०२२

बेटा समृद्धी,

मॅडमचं बरोबर आहे. साडेबाराच. त्या दिवशी माहा चष्मा दुरुस्तीले होता, घाईत लिहिलं. मोठ्या लॅबमधे असे हिशेब खालची माणसं करतात, साहेब फक्त सही करते. हाताखाली चार जण होते, त्यामुळं सवय राहिली नाही. तू वर्गात भांडू नको.

आता टायट्रेशनचं नीट ऐक. तू तीनदा पाण्यानं धुते म्हणूनच तुहं चुकते. ब्युरेट पाण्यानं धुतली का आत भिताडाले थेंब चिकटून राहतात. त्यावर सोडा ओतला का सोडा पातळ झाला, मंग जास्त लागन नाही तं काय? म्हणून पाण्यानंतर ब्युरेट त्याच सोड्याच्या द्रावणानं दोनदा खळखळून घ्याची अन् ते फेकून द्याचं. खालची तोटी बी सोडून पाह्यची, टोकात पाणी दडून बसते. पिपेटले तसंच, ज्या ॲसिडले उचलाची त्याच ॲसिडनं. फ्लास्कले मात्र नुसतं पाणी. तो ॲसिडनं विसळला तं उलट आत जास्तीचं ॲसिड राहते. फ्लास्क ओला राहिला तं काही बिघडत नाही.

अन् धुतलेल्या काचेवरून पाणी सरळ उतरलं पाह्यजे. कुठं थेंब थांबला तं समज तिथं चिकट आहे, पुन्हा धू. हे डोळे मिटून कराचं नाही, उजेडात धरून पाह्यचं.

दिवाळीले गावाले येणं जमन असं वाटत नाही. गुडघा दुखते.

आबाजी


देवरी
रविवार, २२ जानेवारी २०२३

माझ्या हुशार आबाजींना आणि आजीले नमस्कार.

दिवाळीले तुम्ही आले नाही. मी घरून तीनदा फोन केला, तिन्ही वेळा आजीनंच उचलला आणि तुम्ही आंघोळीले गेलेले! दिवसातून किती आंघोळी करता?

पण माझा राग गेला. ऐका! तुम्ही सांगितलं तसं ब्युरेट सोड्यानं खळखळली. तोटी सोडली, टोकातून खरंच पाणी निघालं. रीडिंग: वीस पॉइंट एक, वीस, वीस. रमा मॅडमनी विचारलं, हे कोणी शिकवलं? मी तुमचं पत्र दाखवलं. मॅडमनी ते उभ्या-उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, "हे पुस्तकातून येत नाही. हा माणूस खरा लॅबमधला आहे." मग त्यांनी वर्गात वाचून दाखवलं. आता सगळ्या मुली ब्युरेट उजेडात धरून पाहतात.

आणि आता मोठी बातमी. २८ फेब्रुवारीले विज्ञान दिन. प्रमुख पाहुणे तुम्ही! प्राचार्यांनी कार्डं छापून आणली, एक सोबत पाठवते. पाहा: "श्री. मारोतराव, निवृत्त मुख्य रसायनशास्त्रज्ञ, भिलाई." बाबा गावावरून गाडी करून येणार आहेत, सगळ्यांना घेऊन.

गुडघा दुखते म्हणून सांगाल तर मी ऐकणार नाही. आठ ग्रॅमच्या दिवसापासून त्या मुली मले "आठ ग्रॅम" म्हणून हाक मारतात. तुम्ही स्टेजवर बसले की त्यांची तोंडं बंद होतील. तुम्ही नाही आले तर मी खोटी ठरेन, आबाजी. मग मी इथं राहू शकणार नाही.

तुमची लाडकी,
समृद्धी


कोहका, भिलाई
३० जानेवारी २०२३

समृद्धी,

हे पत्र एकटी बसून वाच. फाडाचं असन तं फाड, पण पुरं वाचून फाड.

मी केमिस्ट नव्हतो. चीफ बी नाही, साधा बी नाही. मी लॅबमधे बाटल्या धुवत होतो. आठवी शिकलेला माणूस मी. ब्युरेट, पिपेट, फ्लास्क, बीकर, सकाळी आठपासून नळावर उभा. हाताखाली चार जण तं सोड, मीच सगळ्याच्या हाताखाली होतो.

तुमच्या बैठकीतला तो कोट आमच्या केमिस्ट साहेबाचा आहे. त्यायची बदली झाली त्या दिवशी फोटोवाला आला होता. साहेब हौशी माणूस. म्हणे, "मारोती, तू बी घाल, तुहा बी निंघू दे." मी घातला. फोटो गावाले धाडला. माह्या भावानं, तुह्या आबाजीनं, बाबुलालनं, तो फ्रेम करून टांगला अन् गावभर सांगत सुटला का भाऊ केमिस्ट झाला. मी कधी म्हटलं नाही का झालो. पण नाही झालो, हे बी म्हटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं राहू दे. मूठ झाकता झाकता हात आखडून गेला, आता उघडत नाही.

तुहे आठ ग्रॅम त्या तक्त्यातलेच होते. तक्ता पांढऱ्या, सुक्या भुकटीचा होता. तसं कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं होतं म्हणे, पण तिथं ॲसिडचा डाग पडला होता. डाग नसता तरी मले कुठं समजणार होतं? मी आकडा पाठ केला, तो कशाचा आहे ते कधी विचारलं नाही. विचारलं असतं तं लोक म्हणाले असते, बाटल्या धुवणाऱ्याले काय कराचं आहे. अन् वर्ग तुले हसला. माह्या जागी तू हसवून घेतलं. मले त्या दिवशी जेवण गेलं नाही. तरी मी चष्म्याचं खोटं लिहिलंच.

आता याहून वाईट सांगतो.

माह्या बाजूच्या नळावर देवानंद नावाचा माणूस होता. माहे हात सोड्यानं फुटले का तो माह्या वाट्याच्या बाटल्या धुवे, वर म्हणे, "मारोती, तू नुसता उभा राहा, साहेब आला तं हात ओले कर." सत्त्याण्णव साली बाबुलाल गावच्या चार माणसायले घेऊन आमच्या घरी आला होता, तुह्या बाबाच्या सोयरिकीचं बोलाले. तेवढ्यात देवानंद आला. आजीनं त्याच्यासाठी खुर्ची सरकवली. पाहुण्यातल्या एकानं विचारलं, हे कोण? अन् मी म्हटलं, "हा आमच्या लॅबमधे बाटल्या धुते."

समृद्धी, असं म्हटलं मी. माह्या संगं उभं राहून काम करणाऱ्या माणसाले.

तो बसता बसता थांबला. माह्याकडे पाहिलं. मंग खुर्ची तशीच सोडून दाराजवळ गेला, म्हणे, "हो साहेब." उभ्यानं चहा पेला, कप सोताच विसळून मोरीवर पालथा ठेवला अन् गेला. दुसऱ्या दिवशी नळावर आला, काम केलं, भांडला नाही. पण त्या दिवसापासून त्यानं मले मारोती म्हटलं नाही. साहेब म्हणे. आजूबाजूले कोणी नसलं तरी साहेब. सात वर्षं, तो रिटायर होईपर्यंत. लोकायले वाटे तो चेष्टा करते. मले माहीत होतं का तो चेष्टा नाही करत.

तू पहिल्या पत्रात भूमिकेच्या मायबद्दल लिहिलं, तेच मी आजीले वाचताना गाळत होतो. तुले तवाच सांगाचं होतं का बेटा, तुहा आबाजी तेच काम करे. नाही सांगितलं. भ्यालो. एवढ्याशा पोट्टीच्या नजरेतून उतराले भ्यालो.

कार्ड परत करतो. मॅडमले हे पत्र दाखव. तू खोटी नाही, मी खोटा आहे. मी येत नाही. कोणत्या तोंडानं येऊ?

मारोतराव


देवरी
रविवार, १२ फेब्रुवारी २०२३

आबाजी,

नमस्कार लिहायचा की नाही, यावर पाच मिनिटं विचार केला. लिहिते. नमस्कार.

पत्र आलं त्या दिवशी मी ते बाथरूममध्ये कडी लावून वाचलं. खूप रडली. तुमच्यावर राग आला, आणि खरं सांगते, तुमची लाजच वाटली. "माझे आबाजी बाटल्या धुवत होते," असं मनातल्या मनात म्हणून पाहिलं तर तोंड कडू झालं. मग ठरवलं, सांगून टाकू की तुमचा पाय मोडला. खोटं अगदी तयार होतं. किती पटकन तयार होते, नाही?

गुरुवारी जेवल्यावर ताट धुवायले नळावर गेली. तिथं भूमिका तिच्या आईले मदत करत होती. ठकूबाई ताट उजेडात धरून पाहत होत्या, तेलाचा थेंब राहिला का म्हणून. तुम्ही लिहिलं तसंच. मी तिथंच उभी राहिली. मग काय झालं माहीत नाही, मी भूमिकाले विचारलं, "ते साडेबारा कसं येते गं? मॅडमनी सांगितलं, मी पाठ केलं, पण मले अजून समजलं नाही."

तिनं ओले हात पुसले नाहीत. बाजूले बादलीत सकाळसाठी चणे भिजत होते, त्यातले मूठभर काढले. म्हणाली, "एक किलो सुके चणे आणि एक किलो भिजवलेले. दाणे सारखेच भरतील का?" मी म्हटलं, भिजवलेले कमी भरतील, त्यात पाणी आहे. "मग तुले दाणे तेवढेच पाहिजेत तर भिजवलेले वजनात जास्त घ्यावे लागतील ना? निळा खडा भिजलेला आहे. तुझ्या आबाजीनं सुक्याचं वजन सांगितलं." बस, एवढंच होतं! पाच महिने मी हे विचारलं नाही, कावून की तिच्या आईचे हात ओले असतात.

मी तिथंच तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मले वाटे तुले मी आवडत नाही." मी म्हटलं, नव्हतीच आवडत. मग दोघी हसलो, पण ठकूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ऐकलं होतं. त्या ताटं धुवत राहिल्या. त्यांना काय म्हणायचं ते मले अजून सुचलं नाही.

तुमचं पत्र मी रमा मॅडमले दिलं. त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "कार्ड रद्द करायचं की दुरुस्त करायचं? तू सांग." मी आणि भूमिकानं बसून सगळ्या कार्डांवर "मुख्य रसायनशास्त्रज्ञ" पेनानं खोडलं आणि वर लिहिलं: "प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे, एकतीस वर्षं." पहिल्या कार्डावर माझं अक्षर वाकडं आलं, मी खोटं बोलणार नाही. शेवटी शेवटी चांगलं आलं, त्यातलं एक सोबत पाठवते. बाबाले फोनवर सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईले दिला. मुली आता मले काय म्हणतात ते लिहीत नाही.

माझा राग अजून गेला नाही, आबाजी. पण या. ब्युरेट कशी धुवायची ते स्टेजवर करून दाखवायचं आहे, मॅडमनी टेबल आणि दोन बादल्या सांगून ठेवल्या आहेत.

आणि तुम्ही एक प्रकारे माफी माझ्याजवळ मागितली. ती माझी नव्हतीच. देवानंद आबाजी कुठं राहतात?

समृद्धी


कोहका, भिलाई
२० फेब्रुवारी २०२३

बेटा समृद्धी,

देवानंद रसमड्याले राहते. पोरगा तिथल्या कारखान्यात आहे. कोहक्यावरून ऑटोनं तासभर लागत नाही, अन् मी अठरा वर्षात गेलो नव्हतो.

परवा गेलो अन् गल्लीच्या तोंडावरून परत आलो. घरी आल्यावर आजीनं विचारलं, भेटला? म्हटलं, घरी नव्हता. आजी म्हणे, "अजून किती खोटं बोलसान? सत्तरीच्या वर गेले तुमी." काल ते सोताच संगं आली. आजी संगं असली का गल्लीतून परत येता येत नाही.

आजी सरळ आत गेली, देवानंद ओट्यावर होता. आता त्याले कमी दिसते. आवाजावरून ओळखलं. "या साहेब," म्हणे, अन् खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. मी बसलो नाही म्हणून तो बी बसला नाही. सून चहा घेऊन आली तं दोन म्हातारे ओट्यावर उभे, मधात रिकामी खुर्ची. तिले काही समजलं नाही. उभ्यानंच चहा पेला दोघांयनं.

मी बोललो. सगळं बोललो. घरून पाठ करून गेलो होतो, त्यातलं अर्धं विसरलो. मंग मी तुहं कार्ड त्याच्या सुनेले वाचाले दिलं. तिनं छापून खोडलेलं वाचलं, मंग वर पेनानं लिहिलेलं, "प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे, एकतीस वर्षं." देवानंद म्हणे, "हे कोणं लिहिलं?" म्हटलं, नातीनं. "छापलेलं खोडून?" म्हटलं, हाव. तो बराच वेळ कार्डावरून बोट फिरवत राहिला. जसं काही दिसते त्याले.

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मी बी विचारलं नाही.

कप घेऊन मी मोरीवर गेलो. सून धावत आली, अवो आबाजी तुमी कावून, म्हणे. मी ऐकलं नाही. दोन्ही कप घासले, विसळले, पालथे ठेवले. देवानंद भिताड धरत मागून आला. त्यानं माहा कप उचलला, धराच्या कानावरून बोट फिरवलं अन् मले परत दिला.

"मारोती," म्हणे, "कानाखाली राहिलं."

मी पुन्हा धुतला. पाणी दिसून नाही राहिलं होतं मले, पण धुतला.

आमी दोघं सत्तावीसले दुपारच्या गाडीनं निंघतो, आजी संगं आहे. देवानंदले दिसत नाही म्हणून ब्युरेट मी धुइन, बरोबर झाली का नाही ते तो हात लावून सांगन. ठकूबाईले बी पुढं बसवजा, त्यायचं बी लक्ष राहू दे.

अन् मॅडमले सांग, स्टेजवर खुर्च्या दोन ठेवा. एकच असन तं ते देवानंदची.

मारोती